एमिली डिकिन्सन घरात बसून काय करत होती

एकोणिसाव्या शतकातल्या अमेरिकन कवयित्री एमिली डिकिन्सनचं नाव निघालं की दोन मिनिटांत गाडी पांढऱ्या पोशाखावर येते. मग बंद दार, मग प्रेमभंग, मग मेल्यानंतर सापडलेल्या कविता. मी बरीच वर्षं तिच्या कविता वाचते आहे आणि ही गोष्ट पुन्हा कुणी सांगायला लागलं की मला मनापासून त्रास होतो. त्या गोष्टीत सगळं असतं, तिचं काम तेवढं नसतं. जवळजवळ १८०० कविता लिहिलेल्या बाईबद्दल बोलायचं आणि ती कपडे कुठले घालायची यावर थांबायचं?

आधी त्या पोशाखाचंच सांगते. तिचा एक पांढरा पोशाख तिच्या गावी, ॲमहर्स्टमध्ये, अजून जपलेला आहे. साधा सुती, पुढे बटणं असलेला, घरात वावरताना घालायचा. त्या काळातल्या बायका घरकामाच्या वेळी घालत तसाच. पांढरा असल्यामुळे डाग पडला तर उकळून धुता येई. आणि त्याला एक खिसा आहे. विरहिणीचा वेश म्हणून ज्याच्याकडे आपण बघतो, तो खरं तर काम करणाऱ्या बाईचा सोयीचा कपडा आहे. उत्तरायुष्यात ती पाकिटांच्या फडफडत्या झाकणांवर, जुन्या बिलांच्या मागे, एकदा तर चॉकलेटच्या वेष्टनाच्या पाठीवर लिहीत होती. त्या खिशात काय असेल याचा अंदाज मला तरी पोशाखाच्या रंगापेक्षा जास्त मोलाचा वाटतो.

१० डिसेंबर १८३० ला मॅसॅच्युसेट्समधल्या ॲमहर्स्ट गावी तिचा जन्म झाला आणि १५ मे १८८६ ला त्याच घरात ती गेली. वडील एडवर्ड डिकिन्सन वकील, ॲमहर्स्ट कॉलेजचे खजिनदार, एक मुदत अमेरिकन काँग्रेसमध्येही होते. थोरला भाऊ ऑस्टिन, धाकटी बहीण लॅव्हिनिया. भावाचं लग्न एमिलीच्या जवळच्या मैत्रिणीशी, सुझन गिल्बर्टशी झालं आणि ते दोघं शेजारच्याच घरात राहायला आले. शाळेत असताना एमिलीने ४०० हून अधिक वनस्पती दाबून, चिकटवून, बहुतेकींची शास्त्रीय नावं लिहून एक संग्रह केला होता. तो आज हार्वर्डमध्ये आहे. पुढे घरातच वडिलांनी तिला काचेची छोटी बागखोली बांधून दिली.

माणसांतून तिने हळूहळू अंग काढून घेतलं हे खरंच आहे. ते मला लपवायचं नाही. १८६९ मध्ये तिने स्वतःच लिहिलं, ‘वडिलांची जमीन ओलांडून मी कुठल्याही घरी किंवा गावी जात नाही.’ पण या ‘नाही’चं कारण सगळे कुठल्या तरी पुरुषात शोधतात. कधी फिलाडेल्फियाचे पाद्री, कधी वर्तमानपत्राचे संपादक. तिची नकार देण्याची ताकद त्याआधीची आहे. १८४७ मध्ये ती माउंट होल्योक सेमिनरीत शिकायला गेली. तिथे मुलींची विभागणी धार्मिक निष्ठेवर होई: ज्यांनी श्रद्धा जाहीर केली आहे त्या, ज्यांच्याबद्दल आशा आहे त्या आणि जिच्याबद्दल आशाच नाही अशा. आजूबाजूच्या मुली एकेक करून पुढे सरकत होत्या. सतरा वर्षांची एमिली शेवटच्या गटात राहिली. पुढे घरचे सगळे चर्चचे रीतसर सभासद झाले, ती कधीच झाली नाही. त्या गावात, त्या काळात, तशा वडिलांच्या घरात हे किती अवघड असेल याचा विचार करा. अशी मुलगी पुढे पाहुण्यांना भेटायचं नाही असं ठरवते, तेव्हा तिचं मन कुणी तरी मोडलेलं असलंच पाहिजे का?

आता कामाकडे येते.

तिच्या खोलीतलं लिहायचं टेबल जेमतेम दीड फूट लांब, दीड फूट रुंद. साधारण १८५८ पासून ती तिथे एक शिस्तीचं काम करत होती. पक्क्या झालेल्या कविता चांगल्या कागदावर उतरवायच्या, दुमडलेले कागद एकावर एक ठेवायचे, कडेला दोन भोकं पाडायची आणि दोऱ्याने बांधायचे. अशा ४० वह्या तिने केल्या, आठशेच्या वर कवितांच्या. काही सुटे संच वेगळेच. आणि त्या वह्यांत मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते हे, की उतरवून झालेल्या कवितेतही एखाद्या शब्दावर ती बारीक फुली मारते आणि पानाच्या तळाशी दुसरा, तिसरा शब्द लिहून ठेवते. त्यातला एक निवडून बाकीचे खोडायचे, असं ती बऱ्याचदा करतच नाही. कविता सगळ्या शक्यतांसकट तशीच उभी राहते. छापखान्याला हे चालणारच नव्हतं. तिथे एकच शब्द लागतो.

छंद मात्र तिने गावातल्या प्रत्येकाला पाठ असलेला घेतला. चर्चमध्ये म्हटल्या जाणाऱ्या स्तोत्रांचा, पहिल्या ओळीत आठ अक्षरं आणि दुसरीत सहा. आपल्याकडे अभंगाची चाल अंगात मुरलेली असते तशी ती तिथल्या माणसांच्या अंगात होती. त्या ओळखीच्या चालीत ती मध्येच डॅश टाकून श्वास तोडते, यमक जुळणार असं वाटेपर्यंत ते थोडक्यात चुकवते. चर्च सोडलेल्या बाईने चर्चचाच ठेका ठेवला आणि त्यात मृत्यू, शंका, वेदना, मधमाश्या असं सगळं भरलं.

ती एकटीच लिहायची, कुणाला दाखवत नसे, ही दुसरी लाडकी समजूत. सुझनला तिने अडीचशेच्या वर कविता पाठवल्या. हातात देऊन, चिठ्ठीतून, बागेच्या वाटेने. १८६१ मध्ये शुभ्र अलाबास्टर दगडाच्या थडग्यांत सुरक्षित झोपलेल्या मृतांवरची एक कविता तिने सुझनला दाखवली. सुझनला दुसरं कडवं पटलं नाही. एमिलीने नवं लिहून पाठवलं. सुझनने तेही बाजूला ठेवलं आणि लिहिलं की पहिलं कडवं स्वतःतच पूर्ण आहे, त्याच्या जोडीचं दुसरं होणार नाही. पुढे सुझन लिहिते, ‘त्याचा विचार केला की मी शेकोटीपाशी ऊब घ्यायला जाते, पण ऊब मिळतच नाही.’ यानंतर नऊ वर्षांनी, १८७० मध्ये, एमिली एका पाहुण्याला सांगते की एखादं पुस्तक वाचून माझं सगळं अंग इतकं गार पडलं की कुठल्याच आगीने ऊब येणार नाही, तर मला कळतं की ती कविता आहे. जगभर उद्धृत होणारं हे वाक्य. मला त्यात सुझनची ती चिठ्ठी स्पष्ट ऐकू येते. ज्यांना एमिली एकाकी होती असं वाटतं त्यांनी ही दोन वाक्यं शेजारी ठेवून वाचावीत.

तो पाहुणा म्हणजे थॉमस वेंटवर्थ हिगिन्सन. एप्रिल १८६२ मध्ये ‘अटलांटिक मंथली’त त्यांनी नवोदित लेखकांना उद्देशून लेख लिहिला, तो वाचून तिने चार कविता पाठवल्या आणि विचारलं: माझी कविता जिवंत आहे का, हे सांगायला तुम्हाला सवड आहे का? छान आहे का, छापाल का, असं काही नाही. जिवंत आहे का! महिन्यापूर्वीच, १४ मार्चला, ॲमहर्स्ट कॉलेजच्या अध्यक्षांचा मुलगा फ्रेझर स्टर्न्स नॉर्थ कॅरोलायनातल्या लढाईत मारला गेला होता आणि सगळं गाव हादरलं होतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धाची ती वर्षं तिची सर्वांत जास्त कवितांची वर्षं आहेत. बंद खोलीत युद्ध पोचत नाही असं मानणाऱ्यांना १८६४ सालचं ‘ड्रम बीट’ माहीत नसतं. जखमी सैनिकांच्या मदतीसाठी ब्रुकलिनमध्ये निघालेल्या या पत्रात तिच्या तीन कविता निनावी छापल्या गेल्या.

हिगिन्सन चांगला माणूस होता. गुलामगिरीविरुद्ध झटणारा, पुढे कृष्णवर्णीय सैनिकांच्या पलटणीचा कर्नल. पण तिच्या कवितेची चाल त्याला झटके दिल्यासारखी वाटली, आणि छापायची घाई करू नका असं त्याने सुचवलं. तिने उत्तर दिलं की छापणं माझ्या मनाला तितकंच परकं आहे जितकं माशाच्या पराला आकाश. पत्रांखाली ती ‘तुमची विद्यार्थिनी’ अशी सही करत राहिली आणि त्याची एकही दुरुस्ती तिने घेतली नाही. भेटून गेल्यावर त्याने बायकोला लिहिलं की माझी इतकी शक्ती शोषून घेणारं माणूस मला आजवर भेटलं नव्हतं. मला तो यासाठी आवडतो, की कविता पूर्ण उमगली नाही तरी त्याने शेवटपर्यंत उत्तरं दिली. तिनेही लिहिलं आहे की तुम्ही माझा जीव वाचवला, तुम्हाला कळलंही नाही.

छापण्याबद्दल तिला भीती होती असं मला वाटत नाही. तिने अनुभव घेतला होता. तिच्या हयातीत जेमतेम दहाएक कविता छापल्या गेल्या, बहुतेक तिला न विचारता. १८६६ मध्ये ‘स्प्रिंगफील्ड रिपब्लिकन’ने तिची सापावरची कविता छापली आणि तिसऱ्या ओळीच्या शेवटी विरामचिन्ह घातलं. तिने हिगिन्सनला तक्रार केली की ती कविता माझ्याकडून लुटली गेली, तिसरी आणि चौथी ओळ एकच होती. एका चिन्हासाठी इतकी कळवळणारी बाई कविता कुणाच्या हाती द्यायच्या याचा निर्णय विचार करूनच घेते. हेलन हंट जॅक्सनसारखी तेव्हाची नावाजलेली लेखिका मागे लागली होती की तुम्ही छापलं पाहिजे. तिच्या आग्रहाखातर १८७८ मध्ये एक कविता निनावी संग्रहात आली, आणि ती एमर्सनची, म्हणजे त्या काळातल्या बड्या लेखकाची, असणार असं वाचकांना वाटलं!

आता एक गोष्ट, जी तिच्यावर प्रेम करणारे आम्ही लोक पटकन बोलत नाही. हा सगळा वेळ तिला मिळाला कुठून? ती घरकाम करत होती. तिच्या हातचा पाव वडिलांना लागायचा, १८५६ च्या गावच्या प्रदर्शनात त्या पावाला दुसरं बक्षीस मिळालं होतं. पण दिवसभराचं पाणी, सरपण, धुणं, चूल कुणा दुसऱ्याच्या हातात होतं. १८६५ मध्ये घरातली जुनी मोलकरीण लग्न होऊन गेली आणि त्यानंतरची काही वर्षं कवितांची संख्या एकदम खाली आलेली दिसते. डोळ्यांचा आजार होता, ज्यासाठी ती १८६४ आणि ६५ मध्ये कितीतरी महिने बॉस्टनजवळच्या केंब्रिजला राहून आली होती. लाडका कुत्रा कार्लो गेला होता, युद्ध संपलं होतं. एकच कारण नसणार. तरी स्वयंपाकघर अंगावर पडलं की लिहिणं मागे पडतं, हे कुठल्याही बाईला सांगावं लागत नाही.

१८६९ मध्ये आयर्लंडहून आलेली मार्गारेट माहर त्या घरात आली आणि तीस वर्षं राहिली. कवितांचे कागद एमिलीने मार्गारेटच्या ट्रंकेत ठेवले होते आणि मेल्यावर जाळायला सांगितलं होतं, पण मार्गारेटचा हात धजला नाही, असं सांगितलं जातं. शवपेटी कुणी न्यायची तर घरच्या अंगणात काम केलेल्या आयरिश मजुरांनी, हे एमिलीनेच सांगून ठेवलं होतं. त्यांनी ती मागच्या दाराने, बागेतून, शेतातून नेली. कवितेच्या इतिहासात मार्गारेट माहरचं नाव हिगिन्सनच्या आधी यायला हवं, असं माझं स्पष्ट मत आहे.

मेल्यानंतर जे झालं त्याने मला अजून राग येतो. लॅव्हिनियाला कागद मिळाले आणि ते छापायचेच असा तिने ध्यास घेतला. आधी सुझनकडे दिले, तिथे उशीर झाला, मग मेबल लूमिस टॉडकडे. ही मेबल म्हणजे ऑस्टिनची प्रेयसी. म्हणजे ज्या सुझनने पहिल्यांदा या कविता वाचल्या, तिच्या नवऱ्याच्या प्रेयसीने त्या संपादित केल्या. मेबलने अक्षर लावून प्रती करण्याचे अपार कष्ट घेतले, ते नाकारता येत नाही. तिच्याशिवाय १८९० चं पहिलं पुस्तक निघालंच नसतं. पण वह्या सुट्या झाल्या, आणि एका वहीत सुझनवर लिहिलेली कविता शाईने गिरवून गिरवून खोडलेली सापडते.

पुस्तकात मेबल आणि हिगिन्सनने कवितांना मथळे दिले, डॅश काढले, यमकं जुळवली. मृत्यू गाडी घेऊन येतो ती प्रसिद्ध कविता घ्या. तिला ‘द चॅरियट’ असं नाव दिलं. शेवटाकडे एमिलीने ‘ग्राउंड’ हा शब्द मुद्दाम दोनदा आणला होता, तिथे एक बदलला. आणि एक अख्खं कडवं गाळलं. कुठलं? सूर्य आम्हाला ओलांडून गेला, दव पडू लागलं आणि माझ्या अंगावर तर झिरझिरीत कापड होतं, हे. म्हणजे जिथे तिला थंडी वाजते तेच. अंग गार पडणं हीच जिची कवितेची खूण, तिच्या कवितेतून गारठाच काढून टाकला. लोकांना पुस्तक फार आवडलं, आवृत्त्यांवर आवृत्त्या निघाल्या.

पुढे १८९८ मध्ये जमिनीच्या तुकड्यावरून लॅव्हिनिया आणि मेबलचा खटला झाला, मेबल हरली आणि तिने आपल्याकडचे कागद पेटीत बंद केले, १९२९ पर्यंत. निम्मं हस्तलिखित एका घरात, निम्मं दुसऱ्या. म्हणून आज काही हार्वर्डला आहे, काही ॲमहर्स्ट कॉलेजात. एमिलीने लिहिलं होतं त्याच्या जवळ जाणारा सगळ्या कवितांचा पहिला पाठ थॉमस जॉन्सनने १९५५ मध्ये काढला, म्हणजे ती गेल्यावर ६९ वर्षांनी. वह्यांचा मूळ क्रम आर. डब्ल्यू. फ्रँकलिनने लावून १९८१ मध्ये हस्ताक्षरासकट छापला.

वाचायला सुरुवात करणार असाल तर एवढं करा. इंटरनेटवर फुकट मिळणारे तिचे बरेचसे संग्रह १८९० च्या दशकातलेच आहेत. कवितेवर गोंडस मथळा दिसला आणि ओळींत डॅश नसले, तर ती प्रत बंद करा. जॉन्सन किंवा फ्रँकलिनची प्रत शोधा. हस्तलिखितांची छायाचित्रंही आता ऑनलाइन खुली आहेत. त्यात एखादं फुलीवालं पान काढा आणि तळाशी लिहिलेले शब्द एकेक करून ओळीत घालून मोठ्याने वाचा.