त्या व्हॉट्सॲप मेसेजबद्दल जरा ऐका
आपल्या बीड-धारूरकडच्या ग्रुपवर एक मेसेज फिरायलाय, की एचआयव्ही असलेल्या बाईला लेकरू होतच नाही, अन झालंच तर ते पण पॉझिटिव्हच निघतं, म्हणून गर्भाची पिशवी काढून टाका. साफ चुकीचं आहे हे! एचआयव्हीनं कुणी वांझ होत नाही. उपचारच नसले, वजन उतरलं, दुसरे गुप्तरोग अंगावर काढले तर दिवस राहायला अडचण येऊ शकते, एवढंच, पण गोळ्या चालू असल्या की बाया नीट बाळंत होतात.

लेकराचं म्हणाल तर काहीच उपचार न घेता लागण व्हायचा धोका १५ ते ४५ टक्के असतो, म्हणजे तेव्हा पण सगळ्यांना होतच नाही, अन आईनं गोळ्या रोज घेतल्या, बाळाला जन्मल्याबरोबर औषध दिलं तर तो ५ टक्क्यांच्याही खाली येतो. एआरटी सेंटरला, म्हणजे एचआयव्हीच्या उपचाराच्या सरकारी केंद्रात, या गोळ्या फुकट मिळतात.

खरी पंचाईत कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जाणाऱ्या बायांची. पाच-सहा महिने उसाच्या फडावर, मग गोळ्यांचा खंड पडतो. जायच्या आधीच सेंटरला सांगा, जास्त दिवसांच्या गोळ्या किंवा कारखान्याजवळच्या सेंटरची चिठ्ठी मागा.

अन पिशवीचं म्हणाल तर एचआयव्हीसाठी ती काढायची काहीच गरज नाही, विषाणू रक्तात असतो, पिशवीत थोडाच बसलाय! एचआयव्ही-एड्सच्या २०१७ च्या कायद्यानं अशा बाईच्या संमतीशिवाय नसबंदी किंवा गर्भपात करता येत नाही. शंका असली तर एड्सच्या सरकारी हेल्पलाइनला, १०९७ ला फोन लावा, फुकट आहे.