एक सबनेट, चार व्हीलॅन: ‘हे नियमात बसत नाही’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार भाऊ,

तालुक्याच्या गावच्या केबल ऑपरेटरने आजूबाजूच्या गावांना वेगवेगळे व्हीलॅन (एकाच जाळ्यातले, एकमेकांपासून वेगळे ठेवलेले भाग) द्यावेत, पण पब्लिक आयपीचा (इंटरनेटवरून थेट गाठता येणाऱ्या पत्त्यांचा) सबनेट, म्हणजे सलग पत्त्यांचा पट्टा, सगळ्यांत एकच ठेवावा, असं मी लेखात सुचवलं होतं. त्यावर तुमच्या तीन हरकती आहेत. प्रत्येक व्हीलॅनला स्वतःचा एक सबनेट हा नियम मोडला. एआरपी (‘हा आयपी कोणत्या यंत्राकडे आहे?’ ही हाक) व्हीलॅनची हद्द ओलांडत नाही, म्हणून हे चालणारच नाही. आणि चाललं तरी कोणीही शेजाऱ्याचा आयपी टाकून बसेल. तिसरी हरकत बरीचशी खरी आहे, पहिल्या दोन मला पटत नाहीत.

एका व्हीलॅनला एक सबनेट ही चांगली सवय आहे, पण तो नियम नाही. एकच सबनेट अनेक व्हीलॅनमध्ये वाटायची पद्धत फेब्रुवारी २००१ मध्ये आरएफसी ३०६९ म्हणून (इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजांच्या मालिकेत) लिहून निघाली. वरच्या सुपर-व्हीलॅनकडे गेटवेचा (बाहेर जायच्या दाराचा, म्हणजे राउटरचा) पत्ता, खालच्या सब-व्हीलॅनमध्ये ग्राहक. पत्त्यांची नासाडी थांबावी, हाच तिचा हेतू.

नासाडी किती, ते दारव्हा किंवा आर्णीसारख्या ठिकाणाचा हिशेब मांडून बघा. घरगुती ग्राहक नॅटमागे (अनेकांना मिळून एकच पब्लिक आयपी) ठेवले तरी जिनिंगचे कॅमेरे बाहेरून बघणारे, पतसंस्थेच्या शाखा, पेट्रोलपंप यांना स्वतःचा पब्लिक आयपी लागतो. समजा चार ठिकाणी अशा ७०, २२, १२ आणि ६ जोडण्या आहेत. वेगळे सबनेट पाडायचे तर /२५ (१२८ पत्ते), /२७ (३२), /२८ (१६) आणि पुन्हा /२८ द्यावा लागतो, कारण /२९ च्या आठ पत्त्यांत पहिला, शेवटचा आणि गेटवे वगळून पाचच जागा उरतात. म्हणजे ११० जोडण्यांसाठी १९२ पत्ते अडकले. शिवाय २२ वाल्या गावात तिसावा ग्राहक आला की /२७ संपला, आणि सगळ्या गावाचे पत्ते बदलायची पाळी. सबनेट एकच ठेवला तर एका /२४ मध्ये (२५६ पत्ते) पहिला, शेवटचा आणि गेटवे सोडून २५३ ग्राहक, कोणत्याही गावात कितीही. आपल्या भागात आयपी पत्ते वाटणारी संस्था एपनिक २०१९ पासून नव्या सभासदाला जास्तीत जास्त /२३ (५१२ पत्ते) देते. लहान ऑपरेटरला हे पत्ते जपूनच वापरावे लागतात.

आता एआरपी. उदाहरणांसाठीच राखून ठेवलेला २०३.०.११३.०/२४ हा पट्टा घेऊ. व्हीलॅन १०१ मधल्या .१० ला व्हीलॅन १०२ मधल्या .२० शी बोलायचंय. सबनेट एकच दिसतो, म्हणून तो ‘.२० कोणाकडे आहे?’ असं ओरडून विचारतो. ती हाक १०२ पर्यंत जात नाही, इथवर तुमचं बरोबर. पण राउटर ती ऐकतो आणि स्वतःचा मॅक पत्ता (नेटवर्क कार्डचा पत्ता) देतो. पॅकेट त्याच्याकडे येतं, तो ते १०२ मध्ये सोडतो. हीच प्रॉक्सी एआरपी.

लिनक्स राउटरवर प्रत्येक व्हीलॅन इंटरफेसला तोच २०३.०.११३.१ पत्ता /३२ ने (म्हणजे फक्त तो एकच पत्ता) द्यायचा, /२४ ने नाही. प्रत्येक ग्राहकासाठी त्याच्या व्हीलॅनकडे जाणारा /३२ चा राउट (वाटेची नोंद) टाकायचा आणि प्रॉक्सी-एआरपी चालू करायची. ग्राहकाकडे मास्क नेहमीसारखा /२४ आणि गेटवे .१. एवढ्यावर थांबलात तर घात होतो. पूर्ण /२४ चा ब्लॅकहोल राउटही (दुसरी वाट नसलेलं पॅकेट टाकून देणारा) टाकायचाच. तो नसेल तर न वाटलेल्या पत्त्याचा राउट डीफॉल्टने वरच्या पुरवठादाराकडे जातो, म्हणून राउटर त्या पत्त्यालाही ‘मीच’ म्हणून उत्तर देतो. पुरवठादार तेच पॅकेट तुमच्याकडे परत पाठवतो आणि टीटीएल (पॅकेटने किती टप्पे ओलांडायचे तो आकडा) संपेपर्यंत ते दोघांच्या मध्ये फिरत राहतं. बाहेरून कोणी पूर्ण पट्टा स्कॅन केला की लिंक उगाच भरते.

दुसरी अडचण एकाच गावातली. ओएलटीवर (ग्राहकांच्या फायबर जिथे एकत्र येतात त्या ऑपरेटरकडच्या यंत्रावर) ग्राहक एकमेकांपासून वेगळे केलेले असतील, तर त्याच व्हीलॅनमधल्या दोघांची हाकही एकमेकांना ऐकू जात नाही, आणि साधी प्रॉक्सी एआरपी आलेल्याच इंटरफेसवर उत्तर देत नाही. तिथे प्रॉक्सी-एआरपी-पीव्हीलॅन ही वेगळी सेटिंग लागते. सोबत आयसीएमपी रीडायरेक्ट बंद हवा, नाहीतर राउटर ग्राहकाला ‘तो तुझ्या शेजारीच आहे, थेट जा’ असं सांगतो आणि जोडणी तुटते. तो ‘ऑल’ आणि इंटरफेस अशा दोन्ही जागी शून्य करा. एका जागी १ राहिला तरी चालूच राहतो.

तुमच्या तिसऱ्या हरकतीवर लेखात मी पुरेसं लिहिलं नव्हतं, आज भर घातली आहे. दुसऱ्या व्हीलॅनमधला चोर अडतो, कारण /३२ चा राउट खऱ्या मालकाकडेच जातो, आणि आरपी-फिल्टर (पॅकेट ज्या वाटेने आलं, त्याच वाटेवर त्याचा पत्ता आहे का ते तपासणारी सेटिंग) १ वर असेल तर चोराचं पॅकेट आत येतानाच गळतं. त्याच व्हीलॅनमधल्या चोराला मात्र राउटर ओळखू शकत नाही. तिथे ओएलटी किंवा स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग आणि सोर्स गार्ड (कोणाला कोणता पत्ता वाटला ते लक्षात ठेवून दुसरा पत्ता अडवणाऱ्या सोयी) हवेत. ज्या स्विचमध्ये ते नाहीत, तिथे पब्लिक आयपीच्या प्रत्येक ग्राहकाला स्वतंत्र व्हीलॅन द्या. व्हीलॅनचे क्रमांक ४०९४ पर्यंत आहेत, पत्ते मात्र मोजके.

आपल्याकडे एक गोष्ट जास्त जपावी लागते, ती म्हणजे लाईन. /३२ चे राउट डीएचसीपीवरून (ग्राहकांना पत्ते वाटणाऱ्या सेवेवरून) आपोआप तयार होत असतील आणि लीजची, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी दिलेल्या पत्त्याची, नोंद फक्त मेमरीत असेल, तर वीज जाऊन राउटर पुन्हा सुरू झाला की राउट पुसले जातात. ज्या ग्राहकाचं यंत्र इन्व्हर्टरवर चालूच राहिलं, त्याच्याकडे जुनी लीज शाबूत असते. तो लीजच्या अर्ध्या मुदतीपर्यंत काही विचारत नाही आणि तोवर त्याचं नेट बंद. म्हणून लीज डिस्कवर ठेवा किंवा राउट हाताने लिहून ठेवा.

ग्रामपंचायत, शाळा, कृषी केंद्र यांच्या आतल्या १०.x पत्त्यांना हे काही करू नका. तिथे पत्त्यांची टंचाई नाही, तुमची सवयच बरोबर आहे. प्रिंटर शोधणं, फोल्डर शेअर करणं अशा ब्रॉडकास्टवर चालणाऱ्या गोष्टीही या मांडणीत गावाबाहेर जात नाहीत.

तरी खात्री करायची असेल तर दोन व्हीलॅनमध्ये एकेक लॅपटॉप लावा, एकावरून दुसऱ्याला पिंग करा आणि एआरपीचा तक्ता उघडा. दुसऱ्या लॅपटॉपच्या आयपीसमोर गेटवेचाच मॅक दिसला पाहिजे. नोंद अपूर्ण दिसली, तर आधी त्या ग्राहकाचा /३२ राउट तपासा.