परतावा रखडवण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

प्राप्तिकराचा परतावा वेळेवर मिळाला, तर माणसाकडे सांगण्यासारखे काही उरत नाही. रखडलेल्या परताव्यावर मात्र लोकलच्या डब्यापासून साखरपुड्याच्या पंगतीपर्यंत कोठेही बोलता येते, शिवाय आपला बराच कर कापला जातो हेही ओघाओघात चारचौघांना कळते. ज्यांना हा मान हवा असेल, त्यांनी सुरुवातीपासूनच दक्ष राहावे.

विवरणपत्र मुदतीत भरावे, पण तेथेच थांबावे. त्यानंतर 30 दिवसांच्या आत आधारशी जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी टाकून ते पडताळून द्यावे लागते, हा तपशील बहुधा सीएच्या ईमेलच्या शेवटच्या ओळीत असतो आणि शेवटची ओळ वाचण्याची आपल्याकडे पद्धत नाही. पडताळणीविना विवरणपत्र कायद्याच्या दृष्टीने भरलेलेच नसते. त्यामुळे बेंगळुरूचे प्रक्रिया केंद्र त्याला हात लावत नाही आणि आपल्याला त्या केंद्राच्या नावाने बोटे मोडायला वर्षभर मोकळीक मिळते.

खरी कसोटी बँक खात्याची. प्राप्तिकर विभागाच्या पोर्टलवर आधी वैध करून घेतलेल्या खात्यातच परतावा जमा होतो, म्हणून जुन्या नोकरीतले, आता निपचित पडलेले पगाराचे खाते आवर्जून तसेच ठेवावे. ते देना किंवा विजया बँकेतले असेल तर दुधात साखर, कारण 2019 मध्ये या दोन्ही बँका बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या आणि पासबुकावरचा जुना आयएफएससी क्रमांक इतिहासजमा झाला. नावांच्या बाबतीत तर महाराष्ट्रावर निसर्गाचीच कृपा आहे: पॅनवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत नुसती आद्याक्षरे आणि मधल्या नावाच्या जागी कोठे वडील तर कोठे पती. यातून खात्याची वैधता नाकारली जाते आणि परतावा 'फेल' झाल्याचे पोर्टलवर दिसते. तेथेच 'सर्व्हिसेस'मध्ये 'रिफंड रिइश्यू'ची सोय आहे. वैध खाते निवडायचे, ओटीपी टाकायचा, की विनंती नोंदवली जाते. इतक्या सरळ मार्गाने जाणे कमीपणाचे वाटत असल्यास बँकेत जाऊन रोखपालाशी वाद घालावा. त्याचा या व्यवहाराशी काडीचा संबंध नसतो, परंतु तो काचेपलीकडे हाताशी बसलेला असतो आणि बेंगळुरू लांब आहे.

प्राप्तिकर विभागाकडून आलेल्या ईमेलकडे ढुंकूनही पाहू नये. कलम 143(1) खालील सूचनापत्र उघडायला पॅन इंग्रजी लहान अक्षरांत आणि त्याला जोडून जन्मतारीख टाकावी लागते. आपण पॅन मोठ्या अक्षरांत टाकून पाहावे आणि फाइल खराब असल्याचा निष्कर्ष काढावा. कलम 245 खालील पत्राच्या बाबतीत तर ही उदासीनता विशेष फळते. एखाद्या जुन्या वर्षाची थकीत करमागणी या परताव्यातून वळती करून घेत आहोत, मान्य नसल्यास 21 दिवसांत कळवा, असे ते विचारते. उत्तर न दिल्यास संमती गृहीत धरली जाते. या मागण्यांचे वय हा वेगळाच विषय आहे. 2024 च्या अंतरिम अर्थसंकल्पात अर्थमंत्र्यांनी ज्या किरकोळ मागण्या मागे घेतल्या, त्यांतल्या काही 1962 पासूनच्या असल्याचे त्यांनीच सांगितले होते. आपली मागणी खोटी असेल, तरीही पोर्टलवर 'असहमत' निवडून कर भरल्याच्या चलनाचा तपशील देण्याचा खटाटोप करू नये. पूर्वजांचे ऋण फेडल्याचे समाधान मानावे.

'आपला परतावा मंजूर झाला आहे, खालील लिंकवर खाते क्रमांक भरा' असा अनोळखी क्रमांकावरून संदेश आला, की मात्र क्षणाचाही विलंब लावू नये. वर्षभर वाट पाहणाऱ्याचे भान त्या क्षणी सुटते, हे तो पाठवणाऱ्यास नेमके ठाऊक असते.

इतके करूनही परतावा आलाच, तर खचून जाऊ नये. विवरणपत्र मुदतीत भरलेले असल्यास आणि परतावा ठरलेल्या कराच्या 10 टक्क्यांहून कमी नसल्यास त्यावर 1 एप्रिलपासून दरमहा अर्धा टक्का व्याज मिळते. आपण कर थकवला तर हाच दर एक टक्का होतो, हा फरक तूर्त सोडून द्यावा. हे व्याज करपात्र असते आणि आपल्या एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर विभागाकडच्या वार्षिक माहितीपत्रकात, त्याची नोंद होते. तेवढी ओळ पुढच्या विवरणपत्रात दाखवायला विसरावे, म्हणजे पुढच्या वर्षीच्या पत्रव्यवहाराची तजवीज आपोआप होईल.