‘चुकीचा डेटा विकतात’ या अभिप्रायाला आमचे उत्तर

नमस्कार.

आपण आमच्या सेवेला एक तारा दिला आहे. ट्रेडिंग प्लॅटफॉर्मच्या वेब एपीआयमधून (म्हणजे एका प्रोग्रामने दुसऱ्याकडे माहिती मागण्याच्या सोयीतून) रोख्यांचा, म्हणजे शेअर, फंड वगैरेंचा, तपशील आणून देणाऱ्या या सेवेकडे मेटा कंपनीची माहिती मागितली असता भलत्याच फंडाची माहिती मिळाली, तक्रारीला उत्तर यायला दोन दिवस लागले आणि ‘ही मंडळी चुकीचा डेटा विकतात’, असे आपण लिहिले आहे. उत्तराला झालेल्या उशिराबद्दल मी मनापासून क्षमा मागतो. तक्रारी वाचणारा मी एकटाच आहे, आणि ते दोन दिवस शनिवार-रविवारचे होते. तरीही पैसे भरलेल्या ग्राहकाला ताटकळत ठेवणे योग्य नव्हते.

आपले शेवटचे वाक्य मात्र मला तसेच सोडून देता येत नाही. आपल्या तक्रारीनंतर मी त्या दिवसाचा लॉग, म्हणजे आलेल्या-गेलेल्या संदेशांची नोंद, ओळ न् ओळ वाचला. आपल्या रिक्वेस्टमध्ये ‘मेटा’ हा सिम्बॉल (बाजारात रोखा ओळखण्याचे छोटे नाव) होता आणि तारीख होती १५ डिसेंबर २०२१. एक्स्चेंजचा, म्हणजे शेअर बाजाराचा, रकाना रिकामा होता आणि आयएसआयएन (रोख्याचा आंतरराष्ट्रीय ओळखक्रमांक) दिलेला नव्हता. फेसबुक कंपनीने आपले नाव २८ ऑक्टोबर २०२१ रोजी बदलून ‘मेटा’ केले हे खरे. पण तिच्या शेअरचा सिम्बॉल त्यानंतरही कित्येक महिने ‘एफबी’ हाच राहिला आणि ९ जून २०२२ पासून तो ‘मेटा’ झाला. डिसेंबर २०२१ मध्ये ‘मेटा’ हा सिम्बॉल राउंडहिल या फंड कंपनीच्या मेटाव्हर्स (आभासी जग) विषयावरील ईटीएफकडे, म्हणजे शेअरसारख्या खरेदी-विक्री होणाऱ्या फंडाकडे, होता. पुढे त्या फंडाने तो सोडून ‘एमईटीव्ही’ हा सिम्बॉल घेतला. आपण विचारलेल्या दिवशी त्या सिम्बॉलने जो रोखा ओळखला जात होता, त्याचाच तपशील आम्ही दिला. त्यात रोख्याचा प्रकार ईटीएफ आणि एक्स्चेंज एनवायएसई आर्का (अमेरिकेतील एक शेअर बाजार) असे स्पष्ट लिहिलेले होते. मेटा कंपनीचा शेअर मात्र नॅस्डॅक या दुसऱ्या बाजारावर आहे. एक्स्चेंजच्या रकान्यात नॅस्डॅक भरले असते, तर ‘या तारखेला असा रोखा नाही’ असे उत्तर आले असते आणि घोटाळा तिथेच लक्षात आला असता.

हे इतके लांबवून सांगण्याचे कारण असे की, आमचे सगळे काम याच एका गोष्टीवर उभे आहे. प्लॅटफॉर्मच्या एपीआयमध्ये आधी सिम्बॉलवरून शोध घ्यावा लागतो, त्यातून प्लॅटफॉर्मचा स्वतःचा ओळखक्रमांक मिळतो आणि तो क्रमांक देऊन दुसरी रिक्वेस्ट पाठवली की नाव, प्रकार, चलन, लॉट साइज (एका वेळी किती नग घ्यायचे), टिक साइज (भाव कमीत कमी कितीने बदलतो) हा तपशील हाती येतो. तो बहुतेक वेळा आजचा असतो. सिम्बॉल कोणत्या काळात कोणाकडे होता, याची तारीखवार नोंद आम्ही वेगळी ठेवतो, आणि ती ठेवण्यात आमचे सर्वांत अधिक कष्ट जातात. सिम्बॉल हे भाड्याच्या घरासारखे असते. एक जण सोडून जातो, दुसरा राहायला येतो. आयएसआयएन मात्र १२ अक्षर-अंकांचा असतो, त्यातला शेवटचा अंक केवळ आधीची अक्षरे तपासण्यासाठी असतो, आणि फेसबुकच्या शेअरचा सिम्बॉल बदलला तेव्हा त्याचा आयएसआयएन बदलला नाही. आमच्या माहितीपत्रकात ‘जुन्या तारखांसाठी आयएसआयएन वापरावा’ असे वाक्य आहे. ते तिसऱ्या पानावर, खाली आहे, हे मी मान्य करतो.

रिक्वेस्ट मध्येच नाकारल्या जातात, अशीही आपली एक तक्रार आहे. तो ४२९ क्रमांकाचा नकार ठरावीक वेळात किती रिक्वेस्ट पाठवता येतात, या प्लॅटफॉर्मच्या मर्यादेमुळे येतो. रोख्याचे नाव किंवा टिक साइज भावासारखी क्षणाक्षणाला बदलत नाही, म्हणून एकदा आणलेला तपशील दिवसभर जपून ठेवावा, एवढीच विनंती आहे. आपल्या बाजूने तोच तपशील दर मिनिटाला पुन्हा मागितला जात होता.

आपल्या बॅकटेस्टचे, म्हणजे जुन्या माहितीवर घेतलेल्या चाचणीचे, निकाल बिघडले आणि त्यात आपला वेळ गेला, याचे मला खरोखर वाईट वाटते. सिम्बॉल पुढे दुसऱ्या रोख्याकडे गेला असेल तर रिस्पॉन्समध्येच (आमच्या उत्तरातच) तशी सूचना यावी, हा बदल आम्ही लवकरच करू. माहितीपत्रकही सुधारू आणि सुट्टीच्या दिवशीही तक्रारी पाहण्याची काहीतरी सोय करू. पण ‘चुकीचा डेटा’ हे शब्द वाचून नवे ग्राहक परत फिरतात, आणि आमच्यासारख्या दोन माणसांच्या व्यवसायाला ते फार जड जाते. आपण तीच रिक्वेस्ट त्याच तारखेसाठी ‘एफबी’ हा सिम्बॉल किंवा कंपनीचा आयएसआयएन देऊन एकदा पाठवून पाहावी. तेव्हाही उत्तर चुकीचे आले, तर आपला अभिप्राय आहे तसाच राहू द्या आणि भरलेले पैसे परत मागा. ते मी त्याच दिवशी परत करीन.