नंदू, जर्मनी अन् दादाचा शिक्का

नंदू जर्मनीला जायचं म्हणतो, ही बातमी कट्ट्यावर नंदूच्या आधी पोचली. कट्टा म्हणजे नागपुरातल्या मानेवाडा रोडवरच्या माझ्या झेरॉक्स दुकानाची पायरी, बाजूचा चहाठेला आणि दोघांच्या मधे टाकलेले दोन बाक. सात वाजले की गिऱ्हाईक कमी आणि सल्लागार जास्त. नंदूने येऊन गाडीच्या हँडलची टूलबॅग खाली ठेवली, तोवर मंडळींनी त्याला जर्मनीला पाठवून परतही आणलं होतं.

नंदू वायरमन. वय 37. आयटीआयचा दोन वर्षांचा इलेक्ट्रिशियन ट्रेड, मग कोराडीला वीज केंद्रात वर्षभर ॲप्रेंटिस. नोकरी कुठे लागली नाही, म्हणून घरांची फिटिंग, पंखे, इन्व्हर्टर, कूलर. एप्रिल-मेमधे हा माणूस फोन उचलत नाही आणि ऑगस्टमधे स्वतःच फोन करून विचारतो, भाऊ काही काम आहे का. बायको घरीच ब्लाउज शिवते, पिको-फॉल करते. पोरगी सातवीत. आई सोबत.

फेब्रुवारी 2024 मधे महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी 10,000 कुशल कामगार पाठवायचा करार केला. त्यात नर्सिंगवाल्यांसोबत इलेक्ट्रिशियन, प्लंबरही होते. आपण पेपर वाचून रद्दीत टाकला, नंदूने बातमीचा फोटो काढून ठेवला. मधे आजूबाजूचे चार जण काही ना काही कारणाने बाहेर गेले आणि त्याच्या डोक्यातला किडा मोठा झाला.

"जर्मनी? अन् तिथं बोलन कोण, तुया बाप?" शारजाने सुरुवात केली. त्याचं नाव शारजाच पडलंय. तिकडे बरीच वर्षं एसीचं काम करून आला. "शारजाले जा न बे. आपल्या नागपुरातून सिधं विमान. हिंदीत काम भागते. पहिल्या महिन्यापासून पैसा हातात."

"अन् बायको-पोरगी?" नंदूने विचारलं.

तिथे शारजा जरा अडखळला. यूएईत कुटुंब न्यायचं तर पगार 4,000 दिरहम तरी लागतो, किंवा 3,000 अधिक राहायची सोय. तेवढा पगार त्याला शेवटच्या दोन वर्षांत मिळाला, आणि तोवर पोराची मुंज, दहावी, सगळं त्याने फोनवर पाहिलं होतं. हे तो स्वतः नाही सांगत. आम्हाला माहीत आहे म्हणून तो गप्प बसला.

मिहानमधल्या कंपनीत काम करणारा एक पोट्टा रोज आमच्यात येऊन बसतो. त्याने मोबाइलवर कॅनडा काढला. कॅनडा दहा मिनिटांत आटोपला. तिथल्या फेडरल स्किल्ड ट्रेड्स योजनेत इंग्रजीची परीक्षा, गेल्या पाच वर्षांतला किमान दोन वर्षांचा अनुभव, आणि वरून तिथल्या मालकाची पक्की ऑफर नाहीतर प्रांताचं प्रमाणपत्र. "इथं बसून कॅनडाचा मालक कुठून आणू?" नंदू म्हणाला. पोट्ट्याने स्क्रीन बंद केली.

मग पैशाचा हिशेब निघाला, तो निघणारच होता. नंदूचं गणित साधं. तिकडे इलेक्ट्रिशियनला महिन्याला 3,000 युरोच्या आसपास, युरो साधारण शंभराचा, म्हणजे तीन लाख. पोट्टा म्हणाला, "काका, ते कापायच्या आधीचे. टॅक्स, पेन्शन, आरोग्यविमा जाऊन एकट्या माणसाचे एक तृतीयांश कापले जातात. बायको-लेकरं असली तं थोडे कमी." मग घरभाडं. मला या हिशेबाचा राग येतो तो एवढ्यासाठी की सगळेच पगार स्टुटगार्टचा धरतात आणि किराणा मानेवाड्याचा. दुसरी बाजूही धरायला पाहिजे. सरकारी शाळेला फी नाही, कमावत्याच्या विम्यात न कमावणारी बायको आणि मुलं फुकट बसतात, मुलामागे महिन्याला अडीचशेवर युरो सरकार देते. नंदूच्या आईच्या गुडघ्याला इथे जो खर्च झाला, तो आठवून तो विम्याच्या मुद्द्यावर दोनदा परत आला.

एवढा वेळ मास्तर चहा ढवळत होते. आयटीआयमधले निवृत्त निदेशक, नंदूही त्यांच्याच हाताखाली शिकला. त्यांनी वर न पाहता विचारलं, "नंदू, तीन फेजचे रंग सांग."

"लाल, पिवळा, निळा."

"न्यूट्रल?"

"काळा. काय सर, पहिल्या दिवशीचा प्रश्न विचारून राहिले."

"आता तिकडचे ऐक. फेज तपकिरी, काळा अन् राखाडी. न्यूट्रल निळा."

नंदूचा हात चहाच्या ग्लासावर थांबला. वायरिंगशी संबंध नसलेल्या मलाही कळायला वेळ लागला नाही. ज्या काळ्या वायरला तो इतकी वर्षं न्यूट्रल म्हणून हात लावत आला, ती तिकडे जिवंत फेज. आणि आपली निळी फेज तिकडे न्यूट्रल. उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागल्याच्या बातम्या आपल्याकडे दरवर्षी येतात, त्यामुळे हे कोणाला समजावून सांगावं लागलं नाही.

"डोकं एका दिवसात शिकते," मास्तर म्हणाले, "हाताले वर्ष लागते. म्हणून ते लोक तुले आल्या आल्या एकट्याले बोर्ड उघडू देत नाहीत. तो त्याइचा माज नाही."

मग त्यांनी कायद्याचं सांगितलं, आणि इथून चर्चा खरी सुरू झाली. जर्मनीत इलेक्ट्रिशियनचं शिक्षण साडेतीन वर्षांचं, बरंचसं कंपनीत, उरलेलं शाळेत. आपला आयटीआय दोन वर्षांचा. कागद मान्यतेला पाठवले की बहुधा अर्धवट मान्यता मिळते, उरलेलं तिथे शिकून भरून काढायचं. मार्च 2024 पासून एक वाट खुली झाली आहे. आधी मालकाशी करार, ए2 पातळीची, म्हणजे रोजच्या साध्या बोलण्यापुरती जर्मन, मग तिकडे जाऊन नोकरी करता करता मान्यता पुरी करायची. दुसरी वाट ऑपॉर्च्युनिटी कार्डची, म्हणजे नोकरी शोधायला जायचं. त्यात वर्षभराच्या खर्चाचे 13,000 युरोच्या आसपास खात्यात दाखवावे लागतात. तेरा लाख. ती वाट नंदूने स्वतःच सोडून दिली.

"म्हणजे दोन-तीन वर्षं मी हेल्पर," नंदू म्हणाला.

"हाव. अन् मान्यता भेटल्यावरही कोणाच्या तरी कंपनीत. स्वतःचं दुकान टाकाचं असन तं तिथं माइस्टर व्हा लागते. त्याची परीक्षा वेगळी."

मला विचाराल तर या सगळ्या वादातला खरा प्रश्न हाच होता, बाकी गोंगाट. गरीब माणूस पैशासाठी बाहेर जातो हे आपण गृहीत धरतो. पण नंदू इथे कोणाचा नोकर नाही. गल्लीत त्याला उस्ताद म्हणतात, दोन पोट्टे त्याच्या हाताखाली आहेत, मनात आलं तर मारबतीच्या दिवशी काम बंद. तिकडे पंचविशीतला फोरमन त्याला शिडी धरायला लावेल, आणि नंदूला ती चाळिशीपर्यंत धरावी लागेल. ज्याला हे चालतं त्याने जावं. ज्याला चालत नाही त्याने तीन लाखांचा हिशेब मांडूच नये, कारण तो पगार शिडी धरण्याचाच आहे.

दादा मात्र वेगळ्या कारणाने विरोधात. दादाचं इलेक्ट्रिक सामानाचं दुकान आहे. "कायले जातं बे? इथं काय कमी आहे? समृद्धी झाला, मेट्रो झाली, मिहान आहे, बुटीबोरी आहे."

"दादा, मेट्रोत मी बसतो, वायरिंग नाही करत," नंदू म्हणाला.

त्याला एका कन्सल्टंटने साडेचार लाखांत "सगळं करून देतो" म्हणून सांगितलं होतं. यावर मात्र कट्टा एकमताचा झाला, असं वर्षातून एखाद्या वेळी होतं. 1983 च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरी लावून देणाऱ्याकडे नोंदणी लागते, त्याला कामगाराकडून सेवाशुल्क घेता येतं ते 30,000 रुपये अधिक जीएसटी, आणि नोंदणी आहे की नाही ते ई-मायग्रेट पोर्टलवर कोणालाही पाहता येतं. नंदूने हे त्याला विचारलं तेव्हा तो म्हणाला, आम्ही एजंट नाही, फक्त मार्गदर्शन करतो. साडेचार लाखांचं मार्गदर्शन! पोट्ट्याने तो नंबर तिथल्या तिथे ब्लॉक करून दिला.

मग मास्तरांनी विचारलं, "कागद काय काय आहेत तुयाजवळ?"

आयटीआयचं एनसीव्हीटी प्रमाणपत्र आहे. ॲप्रेंटिसचं आहे. "अन् त्याच्यानंतरचा अनुभव?"

आता सगळे दादाकडे पाहू लागले. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. घरात नवं मीटर घ्यायचं तर महावितरणला टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो, आणि त्यावर परवानाधारक विद्युत ठेकेदाराची सही-शिक्का लागतो. दादाकडे तो परवाना आहे. नंदूकडे नाही. त्यामुळे भिंतीत पाइप टाकणार नंदू, वायर ओढणार नंदू, अर्थिंग करणार नंदू आणि शिक्का दादाचा. गावोगाव असंच चालतं, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण कागदावर पाहायला गेलं तर मानेवाड्यापासून दिघोरीपर्यंतच्या कुठल्याही घराची फिटिंग नंदूने केलेली नाही. पैसे रोखीत, पगारपत्रक नाही, पीएफ नाही.

"म्हणजे मी इतके वर्षं काय केलं?" नंदू हसत म्हणाला, पण हसण्यात दम नव्हता.

दादा गडबडला. "मी काय तुले नाही म्हटलं होतं का परवाना काढाले?" ते खरं आहे, म्हटलं होतं. पण परवाना काढला असता तर नंदू दादाकडे कशाला राहिला असता, हेही खरंच आहे, आणि ते मास्तरांनी बोलूनही दाखवलं. दोन मिनिटं वातावरण तापलं. शारजाने मधे पडून सगळ्यांसाठी कट चहा सांगितला.

तेवढ्यात वहिनी, म्हणजे नंदूची बायको, आल्या. पोरीच्या शिष्यवृत्तीच्या फॉर्मची झेरॉक्स हवी होती. मी मशीन चालू करेपर्यंत त्यांनी निम्मं ऐकलं होतं.

"भाऊजी, जायले माझी ना नाही," त्या मला म्हणाल्या, पण आवाज सगळ्यांसाठी होता. "मले एवढंच सांगा का पोरगी तिथं कोणत्या वर्गात बसन?"

पोट्ट्याने सांगितलं की भाषा न येणाऱ्या मुलांना आधी तयारी वर्गात बसवतात, मग नेहमीच्या शाळेत. तिकडे चौथीनंतरच मुलं वेगवेगळ्या प्रकारच्या शाळांत वाटली जातात, त्यामुळे बारा-तेराव्या वर्षी नवी भाषा घेऊन गेलेल्या मुलीला वरच्या शाळेत शिरायला जोर लावावा लागतो. वहिनींनी हे नीट ऐकून घेतलं.

"तुम्हालेही काम करता येते तिथं," पोट्टा उत्साहाने म्हणाला. "कुशल कामगाराच्या बायकोला परवानगी असते."

"परवानगी असन. पण बाईचं माप घेताना तिच्याशी बोलावं लागते न बाबू. ढगळ पाहिजे का फिट, गळा किती खोल, हे काय हातवारे करून विचारू?" मग जरा थांबून, "आम्ही शिकून राहिलो तसं. पोरगी अन् मी, मोबाइलवर. माझे आकडे वीसपर्यंत झाले. ह्यांचे दहाच्या पुढे सरकत नाहीत."

नंदूने मान खाली घातली आणि कट्ट्याने त्याची यथेच्छ काढली. ए2 ची परीक्षा वहिनींनीच द्यावी, नंदूने सोबत म्हणून जावं, असा ठराव शारजाने मांडला.

आईचा विषय वहिनींनीच काढला, नंदूने नाही. अलीकडच्या कायद्यात कुशल कामगाराच्या आई-वडिलांनाही नेता येतं, पण त्यांच्या आरोग्यविम्यासकट सगळा खर्च आपण उचलतो हे दाखवावं लागतं, आणि सत्तरीच्या बाईचा तिकडचा विमा हेल्परच्या पगारात बसत नाही. म्हणून वहिनींचं म्हणणं सरळ होतं. आधी हे एकटे जातील, मी आईंजवळ थांबते, पोरीची दहावी इथे होऊ दे. मला ते पटलं. शारजाला नाही पटलं. "असंच म्हणून मी गेलो होतो," एवढंच तो म्हणाला.

"पण अनुभवाचा कागदच नाही तं जातील कसे?" मास्तर.

"कागद आहे न," वहिनी म्हणाल्या. "ह्यांचं अक्षर कोणाले वाचता येत नाही, म्हणून कामाच्या डायऱ्या मीच लिहिते. घर कोणाचं, पॉइंट किती, वायर किती मीटर लागली, पैसे किती आले. लग्नापासूनच्या सगळ्या आहेत पेटीत."

मास्तर एकदम ताठ बसले. दादाकडे टेस्ट रिपोर्टच्या प्रती असतातच. डायरीतला पत्ता आणि रिपोर्टवरचा पत्ता जुळवला की कुठल्या घराचं काम कोणी आणि कधी केलं ते निघतं. त्यावर दादाने आपल्या लेटरहेडवर अनुभवाचं पत्र द्यायचं.

"देतो न. पण लिहू काय?" दादा म्हणाला.

"खरं लिहा. तुमच्या देखरेखीखाली नंदूने काम केलं."

"देखरेख? मास्तर, मी तं गल्ल्यावर होतो."

यावर दादासकट सगळेच हसले, पण मास्तरांनी सोडलं नाही. परवान्याच्या नियमाने देखरेख तुमचीच होती, नसेल केली तर तो तुमचा प्रश्न, पण खोटी तारीख आणि खोटा हुद्दा नको, तिकडचे लोक फोन करून विचारतात. दादाचं म्हणणं, हेल्पर लिहू. वहिनी म्हणाल्या, दोन पोट्टे हाताखाली असलेला हेल्पर कुठे असतो? दादा 2015 पासून लिहायला तयार, त्याच्या फायली तेव्हापासूनच्या नीट आहेत. नंदूचं म्हणणं 2009.

"डायरीत पाहू," वहिनी म्हणाल्या.

रविवारी दादाचं दुकान बंद असतं, तेव्हा सकाळी फायली आणि डायऱ्या समोरासमोर ठेवायचं ठरलंय. टायपिंग माझ्याकडे, कागदही माझाच, हे कोणी मला न विचारता ठरवलं. जर्मनच्या क्लासची फी एकाची भरायची की दोघांची, यावर नवरा-बायको गाडीवर बसेपर्यंत बोलत होते.