क्षेत्रफळावर भांडणाऱ्या पोट्ट्यांनो, जरा ऐका

राजेहो, सकाळी सकाळी डोकं फिरलं. गावच्या ग्रुपवर कोणीतरी रील टाकली, जगातली दहा सगळ्यात मोठी साम्राज्यं, नकाशावर एकेक रंग पसरत जाते, मागे ढोल, अन् खाली आपले पोट्टे एकमेकांवर तुटून पडले. एक म्हणते मंगोल, एक म्हणते इंग्रज, तिसऱ्यानं 1760 चा मराठ्यांचा नकाशा टाकला, अटक ते कटक सगळं भगवं. मी फक्त एवढंच लिहिलं की बाप्पा, चौथाई वसूल करणं वेगळं अन् बसून राज्य करणं वेगळं, तर मला इंग्रजांचा चमचा ठरवून मोकळे झाले! माझ्याच वावरात बोरं खाऊन मोठे झालेले पोट्टे हे.

बरं, इंग्रजांपासूनच सुरू करू. पहिल्या महायुद्धानंतर त्यांचं साम्राज्य साडेतीन कोटी चौरस किलोमीटरचं होतं, जगाच्या जमिनीचा जवळपास चौथा हिस्सा. वाचून छाती दडपते. पण त्यातला अर्धा भाग म्हणजे नुसतं कॅनडा अन् ऑस्ट्रेलिया, आणि 1921 मध्ये त्या दोघांत मिळून माणसं किती, तर दीड कोटीही नाही. त्याच वर्षी संस्थानं अन् ब्रह्मदेश धरून हिंदुस्थानात जवळपास 32 कोटी. म्हणजे साम्राज्यातल्या दर दहा माणसांमागे सात आपल्याकडची. राजाचा मुकुट तिकडं, डोकी इकडं.

आता तुम्ही म्हणाल हा बुढा काहून एवढा चिडला. सांगतो.

माझ्या आत्याचं लग्न 40 एकर पाहून झालं. दुसरं स्थळ होतं अकोटच्या वर, सातपुड्याच्या पायथ्याशी, सहा एकर, गोड्या पाण्याची विहीर, संत्र्याची बाग. आमचे आबाजी म्हणाले सहा एकरात काय होते, अन् पोरगी दिली खाली पूर्णेकडे, खारपाणपट्ट्यात. गावभर सांगत फिरले, 40 एकरात दिली म्हणून. खारपाणपट्टा माहीत नसणाऱ्यांसाठी सांगतो, तिथं विहीर खणली की खारं पाणी लागते, ओलीत करता येत नाही, सगळं पावसावर. आत्याच्या घरी गोड्या पाण्याचा एक गुंड वेगळा ठेवलेला असे, झाकून, त्यातलं पाणी फक्त डाळीला अन् चहाला. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, चहात दूध टाकलं की फाटते. त्या एका गुंडासाठी बाई पहाटे उठून कुठवर जायची ते सातबाऱ्यावर लिहिलेलं नसते.

मंगोलांचं तेच. 2 कोटी 40 लाख चौरस किलोमीटर, एकसलग जमिनीत त्यांच्याएवढं कोणाचंच नाही, मान्य. पण त्यात किती तरी निव्वळ गवताळ माळ, वाळवंट अन् वरची थंडी. आजचा मंगोलिया आपल्या महाराष्ट्राच्या पाचपट आहे, अन् लोकं अमरावती-अकोला या दोन जिल्ह्यांपेक्षा कमी. त्यांच्या साम्राज्यातली खरी गर्दी चीन अन् इराणकडं होती, जिथं शेती होती. नंतर त्याच चीनमध्ये छिंग घराणं आलं, 1790 च्या आसपास दीड कोटी चौरस किलोमीटरही नाही, मंगोलांहून कितीतरी लहान, पण माणसं 30 कोटींच्या घरात, तेव्हाच्या जगाचा तिसरा हिस्सा. रीलमध्ये ते चौथ्या नंबरवर अन् कोणाला काही घेणंदेणं नाही.

एक शहाणा लगेच इराणच्या हखामनी साम्राज्याचं घेऊन आला, म्हणे जगाची 44 टक्के लोकसंख्या त्यांच्याकडं होती. अरे, अडीच हजार वर्षांमागं शिरगणती कोणी केली होती? कोणी अभ्यासक दोन कोटीच्या आत सांगते, कोणी पाच कोटी, जगाचा आकडाही अंदाजच, मग एका अंदाजाला दुसऱ्या अंदाजानं भागायचं अन् टक्केवारी छातीठोक सांगायची.

नकाशा पाहून अभिमान वाटते, तो मलाही वाटते, खोटं काय बोलू. रघुजी भोसल्यांची फौज नागपुरातून बंगालवर गेली, 1751 मध्ये ओडिशा मिळवला, वर सालाना 12 लाखांची चौथाई, हे वाचलं की अजूनही अंगावर काटा येते. पण बंगालातल्या आया त्या फौजेची भीती घालून लेकरं झोपवत, तेही त्याच वर्षांतलं.

अन् आता खरी आग लागते ते सांगतो. 1891 ते 1901, त्या दहा वर्षांत इंग्रजांचं साम्राज्य वाढत होतं, 1899 मध्ये सुदान हाती आला, 1900 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर लोकांचे दोन देश जोडून घेतले. नकाशा फुगला. त्याच दहा वर्षांत आपल्या वऱ्हाडाची लोकसंख्या 29 लाखांवरून साडेसत्तावीस लाखांवर आली. वाढायची सोडून घटली! 1896 चा दुष्काळ, मग 1899 चा त्याहून भयंकर. माणसं सरकारी कामावर गिट्टी फोडत होती पोटासाठी, अन् कापूस रेल्वेनं मुंबईला जातच होता. सगळ्यात मोठं साम्राज्य म्हणे. कोणाच्या बापाचं मोठं?

असो. लिहिता लिहिता आत्या आठवली म्हणून हात ढिला पडला. ती कधी कोणाला बोलली नाही. एकदाच मला म्हणाली होती, "वावर गंज हाय रे बापा, पाणी मातर नाही." गंज म्हणजे आमच्याकडं पुष्कळ. आबाजी शेवटपर्यंत 40 एकरच सांगत राहिले.

तर ज्यानं 1760 चा नकाशा टाकला त्या भाच्याला माझा एक प्रश्न. त्या साली आपलं गाव कोणत्या रंगात रंगवशील? वऱ्हाडात तेव्हा दुअंमली होती, नाव निजामाचं अन् वसुलात वाटा भोसल्यांचा, दोघांचेही लोक येऊन नेत होते. निजामाच्या नकाशात आपण आहोत, मराठ्यांच्या नकाशातही आहोत, दोघांच्याही चौरस किलोमीटरमध्ये आपले बांध मोजलेले. मग 1803 मध्ये आपल्याच अडगावला लढाई झाली, इंग्रजांच्या वेलस्लीनं भोसल्यांची फौज हरवली, पाठोपाठ गाविलगड गेला, अन् देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख निजामाला देऊन टाकला. आपल्या पणज्यांना कोणी विचारलं नाही, सारा भरणारे मात्र तेच.

कमेंटमध्ये रंग सांग बेटा, कारणासकट. मग मंगोल किती मोठे ते पाहू.