सर, सोडू का?

"सर, गाडी बंद पडली व्हय?"

पहाटे साडेपाच, यवतेश्वरचा घाट, भुरभुर पाऊस. मी धापा टाकत चढतोय आणि शेजारी एक मोटरसायकल माझ्या वेगाला येऊन टेकलीय. मागे दुधाचे दोन कॅन. माणूस माझा विद्यार्थी आहे हे आवाजावरून कळतं. दहावी ब, शेवटचा बाक.

"नाही रे, पळतोय."

तो मागे वळून रस्ता बघतो. मागे धुक्याशिवाय कुणी नाही. मग आवाज खाली आणून काळजीनं विचारतो, "कुनी लागलंय का मागं?"

ही 2012 मधली गोष्ट. त्या वर्षी कासचं पठार जागतिक वारसा यादीत गेलं, साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन सुरू झाली आणि आमच्या डॉक्टरांनी माझा रिपोर्ट वाचून चष्मा काढला. पहिल्या दोन घटनांची बातमी झाली. तिसरीमुळे मी बूट घेतले. तेव्हा मी 44 वर्षांचा होतो, आता 57 आहे. जास्तीत जास्त हृदयगतीचं जे ढोबळ सूत्र सांगतात ते 220 वजा वय. गणिताच्या मास्तराला त्याचा अर्थ लगेच लागतो: दर वाढदिवसाला एक ठोका वजा. तेरा वर्षांत 176 वरून 163 वर आलोय. बायको केक आणते तेव्हा मी मनात वजाबाकी करतो.

पळण्याचा त्रास मी सांगत नाही. तो सगळ्यांना असतो. पायाच्या अंगठ्याचं नख काळं पडून गळतं, नवं येतं, तेही काळं पडतं. पावसाळ्यात ओले बूट वर्तमानपत्राचे बोळे कोंबून फ्रिजच्या मागे वाळत ठेवावे लागतात आणि घरात तीन महिने कसला वास येतो यावर चर्चा होते. थंडीत ओठांना लावायचं व्हॅसलीन मी कुठं कुठं लावतो हे कळल्यापासून बायकोनं स्वतःची डबी कपाटात कुलपात ठेवलीय. "उद्या टेम्पो आहे," असं मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा ती "कुणाचं सामान हलवायचंय?" म्हणाली होती. आता तिला टेम्पो (सलग जोरात पळणं), इंटरव्हल (थोडं जोरात, थोडं सावकाश), लाँग रन सगळं कळतं. एवढंच की, ती त्याला "तुमचं ते" म्हणते.

उठण्याचंही सांगत नाही, पण थोडं सांगतो. गजर साडेचारचा. तो वाजण्याआधी दोन मिनिटं मला जाग येते आणि त्या दोन मिनिटांत माझ्याइतका हुशार वकील साताऱ्याच्या कोर्टात सापडणार नाही. काल पाठ जरा धरली होती. शरीराचं ऐकावं म्हणतात. शिवाय आज आठवीची चाचणी, पर्यवेक्षणाला दोन तास उभं राहायचंय. निकाल माझ्या बाजूनं लागणार एवढ्यात अंथरुणातून आवाज येतो, "अहो, जाणार नसाल तर दूध तापवा." मी उठतो. अंधारात मोजे शोधतो. दोन्ही डाव्या पायाचे निघतात. हल्लीच्या मोज्यांवर डावा-उजवा लिहितात, हे ज्यानं शोधलं तो पहाटे कधी उठला नसणार.

मग ते घड्याळ. पुण्याच्या मुलानं पन्नासाव्या वाढदिवसाला दिलं. अंतर, वेग, ठोके, झोप, सगळं मोजतं. 24 किलोमीटरचा लाँग रन करून, मीठ झालेला चेहरा घेऊन मी दारात टेकलो की घड्याळ थरथरतं आणि शेरा देतं: 'अनप्रॉडक्टिव्ह'. शाळेत तीस वर्षं काढली. तपासणीला आलेले साहेब वही उलटी धरून सही करून गेले, पण तोंडावर कुणी असं म्हणालं नाही. मी मनगटाला आणि बायकोला उद्देशून एकदमच म्हणालो, "चढ किती होता बघितलं का?" दोघांनीही उत्तर दिलं नाही.

अशा वेळी मी फडेप्पा चौगुल्यांना आठवतो. बेळगावचे. 1920 च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉन पळाले, 2 तास 50 मिनिटांत, एकोणिसावे आले. माझी उत्तम वेळ 4 तास 38 मिनिटं. म्हणजे ते संपवून, आंघोळ करून जेवायला बसले असते तेव्हा मी मुंबई मॅरेथॉनमधल्या पेडर रोडच्या चढाला हात जोडत असतो. पण त्यांच्या मनगटावर शेरे मारणारं कुणी नव्हतं, एवढं मी बायकोला ऐकवतो.

हे सगळं सहन होतं. सहन होत नाही ते सातारकरांचं प्रेम. वर्षाला शंभर मुलं धरली तरी तीस वर्षांत तीन हजार होतात. त्यातली निम्मी पुण्या-मुंबईला गेली आणि उरलेली सगळी पहाटे पाच ते सात या वेळात समर्थ मंदिर ते यवतेश्वर रस्त्यानं जातात असा माझा अनुभव आहे. दूधवाले, पेपरवाले, भाजीचा टेम्पो, रात्रपाळीहून परतणारे. आणि सर हाफ चड्डीत, चिंब भिजून, तोंड उघडं टाकून घाट चढताना दिसले की साताऱ्याचा माणूस गाडी थांबवतोच.

"सर, सोडू का?"

"नको रे."

"बसा की. लाजताय काय!"

एकानं तर रिक्षा आडवी घातली आणि पैसे घेणार नाही अशी शपथ घातली. एका बाईंनी स्कूटी थांबवून विचारलं, "घरी काही झालंय का सर?" एकदा उसाच्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॉलीकडे बोट दाखवलं. ऑगस्ट-सप्टेंबरात त्यात फुलं बघायला आलेल्या मोटारींची भर. काच खाली होते, आतून गार वारा आणि चिप्सचा वास येतो, "काका, कास किती लांब?" माझा श्वास नाकातोंडात, तरी मास्तर उत्तर देतोच. "वीस... किलो... मी..." तोवर काच वर गेलेली असते.

खरी अडचण पुढची आहे. एवढी मंडळी बघत असताना चालता येत नाही. चढावर पाय बोंबलत असतात, दोन मिनिटं चालावं वाटतं, आणि नेमका मागून हॉर्न. तीन हजार मुलांना 'अर्धवट सोडू नका, पायऱ्या पूर्ण लिहा' सांगितलेला माणूस मी. हॉर्न ऐकला की आपोआप गुडघे वर होतात. लोक विचारतात, इतकी वर्षं सातत्य कसं ठेवलंत? मी 'शिस्त' म्हणतो. ऐकायला बरं वाटतं.

दहा वर्षं मी नको म्हणत राहिलो आणि गाव शिकलं. दोन-तीन वर्षांपासून कुणी थांबत नाही. लांबून हात करतात, "चालू द्या सर!" म्हणतात. मुलं शिकली की मास्तरला होतो तसा मला आनंद झाला.

गेल्या महिन्यातला रविवार. जानेवारीच्या मुंबई मॅरेथॉनची तयारी म्हणून जरा जोरात चढलो. वरच्या वळणाच्या अलीकडे डाव्या पोटरीत असा गोळा आला की मी रस्त्याकडेचा कठडा दोन्ही हातांनी धरला आणि एक पाय मागे ताणून तसाच उभा राहिलो. हलता येईना. फोन घरी. खाली सगळं सातारा धुक्यात, अजिंक्यतारा तेवढा वर निघालेला. मागून मोटरसायकल आली. दोन कॅन. दहावी ब.

मी हात वर केला. त्यानंही केला.

"एक नंबर सर! चालू द्या, डिस्टर्ब करत न्हाई!" आणि गेला.

मागून रिक्षा आली, शपथवाली. मी दोन्ही हात हलवले. त्यानं हॉर्नवर ताल धरला. मग स्कूटी. "सर, अहो" म्हणेपर्यंत तिनं अंगठा दाखवला. ट्रॅक्टरवाल्यानं मात्र वेग कमी केला. माझा जीव भांड्यात पडला. त्यानं खिशातून मोबाईल काढला, माझा नीट फोटो घेतला आणि ट्रॉली खडखडवत निघून गेला.

लंगडत घरी पोचायला पावणेदोन तास लागले. दारात घड्याळ थरथरलं: 'रिकव्हरी. उत्तम.'

बायको फोन घेऊन बाहेर आली. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर फोटो पडला होता. कठडा, धुकं, मागे ताणलेला पाय, वेदनेनं वर झालेला चेहरा. खाली लिहिलं होतं, 'वयाच्या 57 व्या वर्षी सर भर पावसात स्ट्रेचिंग करताना. आपण काय करतोय?' हात जोडलेले 114.

"आता उद्या बाराजण येतायत म्हणे तुमच्याबरोबर," ती म्हणाली. "पाच वाजता, समर्थ मंदिराशी."

मी पोटरीला तेल लावत होतो. तिनं कपाटाचं कुलूप उघडलं आणि व्हॅसलीनची डबी माझ्यापुढे ठेवली.